पाइप बाहेरच बरा

जुन्या घरात राहायला जाताना माणूस काय बघतो, तर उजेड, वारा, खोल्या केवढ्या, फरशी कशी आहे, फार तर भिंतीला कुठे तडे गेलेत का. काही जण नळ उघडून बघतात, पाणी आलं की खूश. पण ते पाणी कुठल्या पाइपातून आलं, तो पाइप कधी टाकलाय, भिंतीतून जातो का फरशीखालून, आणि बंद करायची वेळ आली तर कुठे बंद करायचा, हे विचारणारा माणूस मी तरी अजून पाहिला नाही. विचारलं तरी सांगणार कोण म्हणा. ज्याने टाकला तो कधीच गेला, आणि मधल्या काळात जो जो राहून गेला त्याने आपल्या सोयीने एखादा फाटा काढून ठेवलेला असतो, त्याचा नकाशा कुणाकडेच नसतो.

मी बरीच वर्षं अशाच एका घरात राहतेय आणि या बाबतीत माझं मत आता पक्कं झालंय. ते आधीच सांगून टाकते, ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. जुन्या घरात पाण्याची लाइन बदलायची वेळ आली की नवी लाइन परत भिंतीत गाडू नका, बाहेरून घ्या. वाईट दिसेल, दिसू दे. का ते सांगते, पण आधी हे पाइप नेमके मरतात कसे ते बघू, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे.

जुन्या घरांत सगळ्यात जास्त सापडतो तो जीआय, म्हणजे लोखंडी पाइप आणि त्यावर जस्ताचा मुलामा. जस्त स्वतः झिजत राहतं आणि लोखंडाला वाचवतं, हीच त्याची नोकरी. जस्त संपलं की गंज लोखंडाला लागतो. साधारण ४०-५० वर्षं आयुष्य धरतात, पाणी वाईट असेल तर त्याच्या आधीच कारभार आटोपतो. गंमत अशी की बाहेरून पाइप ठणठणीत दिसतो आणि आतून भरत जातो, कारण गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. आमच्या बाथरूमच्या भिंतीतून काढलेला एक वीतभर तुकडा मी मुद्दाम ठेवलाय. बाहेरून नुसता राखाडी, एका बाजूला थोडासा तांबूस डाग. आत बघितलं तर कडेने सगळ्या गाठी गाठी, वरून विटकरी, नखाने खरवडलं की पापुद्रा निघतो आणि खाली काळीकुट्ट ओलसर भुकटी. मूळ भोक अर्ध्या इंचाचं होतं, आता त्यातून पेन्सिल जेमतेम जाते. आणि याच पाइपातून आम्ही आंघोळीचं पाणी घेत होतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण यातच लोक फसतात. आतला व्यास निम्मा झाला की पाणी निम्मं येत नाही, तेवढ्याच दाबाला साधारण सहावा हिस्सा येतं. म्हणून असं वाटतं की परवापर्यंत बरं होतं आणि एकदम काय झालं. मग कुणीतरी सल्ला देतं, प्रेशर कमी आहे, पंप बसवा. अहो, प्रेशर कमी नाहीये, वाट बंद झालीये! ओळखायची साधी युक्ती सांगते, नळ थोडा वेळ बंद ठेवून एकदम उघडा. पहिला झोत जोरात आला आणि लगेच धार बारीक झाली तर दाब आहे पण पाइप तुंबलाय. सुरुवातीपासूनच धार मरतुकडी असेल तर टाकीची उंची, अर्धवट उघडा व्हॉल्व्ह असलं काहीतरी शोधा, आणि त्याच्याही आधी नळाच्या तोंडाची जाळी काढून बघा, बऱ्याचदा गंजाचे कण तिथेच साठलेले असतात आणि काम दोन मिनिटांत होतं. टाकीवरून येणाऱ्या पाण्याला दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो, म्हणजे टाकी नळापासून ३ मीटर वर असेल तर फक्त ०.३ बार. प्रेशर पंप सहज २ बार देतो. एवढी वर्षं पाव-अर्ध्या बारवर निवांत पडलेल्या गंजक्या लाइनीला अचानक २ बार लावले की काय होणार, सांगायला नको.

गळती बहुतेक वेळा जोडावर सुरू होते, आणि त्याला कारण आहे. पाइपाला आटे पाडताना तिथली जाडी कापली जाते आणि वरचं जस्तही जातं, म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात उघडी जागा नेमकी एल्बोच्या, म्हणजे वळणाच्या जोडाच्या, तोंडाशी. त्यात पितळी कॉक किंवा तांब्याचा पाइप लोखंडाला थेट जोडलेला असेल तर दोन धातूंच्या भांडणात लोखंड आधी खलास होतं, म्हणून मधे वेगळा करणारा जोड टाकतात, त्याला डायइलेक्ट्रिक युनियन म्हणतात. जुन्या घरात तो सापडला तर मला कळवा.

आणि मग ती दुरुस्ती. आमचे प्लंबर काका जुन्या लाइनीला पाना लावायच्या आधी थांबतात आणि म्हणतात, "ताई, हा जोड करतो, पण पुढच्याचं मी काही सांगत नाही." त्यांचं बरोबर असतं. एल्बो फिरवायला जोर लावला की तो जोर तिथेच थांबत नाही, पुढच्या सॉकेटपर्यंत, म्हणजे पुढच्या जोडापर्यंत जातो, आणि तिथे आट्यांना नुसत्या गंजानेच धरून ठेवलेलं असतं. एक दात काढायला गेलं की शेजारचा हलायला लागतो तसला प्रकार. म्हणून माझा हिशोब सोपा आहे, एका लाइनीवर पहिली गळती झाली तर जोड बदला, त्याच लाइनीवर दुसरीकडे परत गळती झाली तर जोड बदलायचं थांबवा आणि ती अख्खी लाइन बदला. ती लाइन, अख्खं घर नव्हे. वेगवेगळ्या लाइनी वेगवेगळ्या काळात टाकलेल्या असतात, सगळ्या एकदम मरत नाहीत.

आता भिंतीतल्या पाइपाचा खरा त्रास. ओल जिथे दिसते तिथे गळती असेलच असं अजिबात नाही. पाणी पाइपाच्या अंगावरून घरंगळत येतं, विटांमधून वाट काढतं आणि मन मानेल तिथे बाहेर पडतं. आधी रंगाचे पोपडे निघतात, मग भिंतीला पांढरा लोणा लागतो, मग गिलावा फुगतो. भिंत फोडायच्या आधी ओल कधी वाढते याच्यावर लक्ष ठेवा. दिवसरात्र सारखीच असेल तर दाबाची लाइन, म्हणजे ज्यात कायम पाणी उभं असतं ती. आंघोळीनंतर वाढत असेल तर सांडपाण्याची लाइन नाहीतर फरशीचे सांधे. पावसानंतरच येत असेल तर प्लंबरला बोलावूच नका, बाहेरची भिंत किंवा छप्पर बघा. हे एवढं केलं तरी निम्मी फोडाफोड वाचते.

दाबाच्या लाइनीसाठी अजून एक चाचणी म्हणजे रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवायचा आणि सकाळी कुणी पाणी वापरायच्या आत परत बघायचा. मीटरवर एक छोटं चाक असतं, बारीक गळतीलाही ते हलतं. घरात टाकी असेल तर मीटरवरून फक्त टाकीपर्यंतचंच कळतं, म्हणून टाकीत येणारं पाणी रात्री बंद करायचं आणि आतल्या पातळीवर खूण करायची. सकाळी पातळी उतरली असेल तर खालच्या लाइनीत किंवा फ्लशमध्ये गडबड आहे. फ्लशसाठी टँकमध्ये थोडा रंग टाका, पंधरा-वीस मिनिटं कुणाला वापरू देऊ नका, भांड्यात रंग उतरला तर वायसर गेलाय. थेंबाथेंबाकडे लोक दुर्लक्ष करतात, पण सेकंदाला एक थेंब आणि थेंब पाव मिलिलिटरचा धरला तर दिवसाला २१ लिटरच्या वर होतात. भिंतीत हे २१ लिटर रोज मुरत असतात आणि आपण रंगारी बोलावत असतो.

व्हॉल्व्हबद्दल बोलल्याशिवाय पुढे जात नाही. जुन्या घरात गोल चाकाचे गेट व्हॉल्व्ह असतात आणि ते वर्षानुवर्षं कुणी फिरवलेले नसतात. पितळेतलं जस्त पाण्यात हळूहळू निघून जातं आणि मागे तांब्याचा ठिसूळ सांगाडा राहतो, त्यामुळे गरज पडेल तेव्हा चाक फिरतं, आतला दांडा तुटतो, आणि पाणी अडवणारं आतलं गेट जागचं हलतच नाही. तुम्हाला वाटतं बंद झाला. सगळ्यात वाईट म्हणजे कधी कधी अर्धवट बंद होऊन अडकतो. लाइन बदलायची ऐपत आत्ता नसेल तर नसू दे, पण मुख्य व्हॉल्व्ह आणि प्रत्येक फाट्याचा व्हॉल्व्ह आधी बदला, पाव वळणात बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह घाला आणि वर्षातून एकदोनदा तो उघड-बंद करत जा. फक्त झटकन बंद करू नका, पळतं पाणी एकदम अडलं की पाइपात दणका बसतो, तो धाडकन आवाज ऐकला असेलच, आणि तो दणका सगळ्यात अशक्त जोड शोधून काढतो. घरातल्या सगळ्यांना मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते माहीत पाहिजे, लहान मुलांना पण. पाणी उडायला लागल्यावर शोधाशोध करणं म्हणजे नुसता तमाशा.

पाण्याचा रंग पण बोलतो. लालसर पाणी फक्त गरम नळातून येत असेल तर गीझर किंवा गरम लाइन, एकाच नळाला येत असेल तर तेवढाच फाटा, सगळीकडे येत असेल आणि थोडं वाहून गेल्यावर स्वच्छ होत असेल तर घरातली लाइन. गंजाचं पाणी कपडे खराब करतं, चव घालवतं, पण जिवावर उठत नाही. जिवाचा प्रश्न शिशाचा आहे. जुन्या घरात रस्त्यापासून आत येणारा पाइप शिशाचा असू शकतो, नाहीतर तांब्याच्या जोडांना शिशाचं डाख असू शकतं. ओळखायचं असेल तर पाइप किल्लीने हलका खरवडा, शिसं मऊ असतं, चांदीसारखा चकचकीत ओरखडा उठतो आणि लोहचुंबक चिकटत नाही. जीआयला चुंबक चिकटतं, तांबं रंगावरून कळतंच. शिसं पाण्याला रंग, वास, चव काही देत नाही, उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यावर प्रमाण वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. अमेरिकेत १९८६ साली नव्या कामात शिशाच्या पाइपांवर बंदी आली, पण जमिनीखालचे जुने तसेच राहिले, आणि २०१४ मध्ये तिथल्याच फ्लिंट शहराने पाण्याचा स्रोत बदलला तेव्हा पाइप झिजू नयेत म्हणून जे रसायन घालायला हवं होतं ते घातलं नाही, आणि त्या जुन्या पाइपांतलं शिसं लोकांच्या पेल्यात उतरलं. म्हणजे पाइप तोच असला तरी पाणी बदललं की तो वेगळा वागायला लागतो. शंका असेल तर लॅबमध्ये पाणी तपासून घ्या, पहिल्या धारेचं पाणी आणि थोडं वाहू दिल्यानंतरचं, असे दोन वेगळे नमुने द्या.

आता येते माझ्या मूळ मुद्द्यावर. लोक म्हणतात, एवढं सगळं लोखंडाचं झालं, प्लास्टिकला कुठे गंज लागतो, टाका नवा पाइप भिंतीत आणि विसरा. प्लास्टिकला गंज लागत नाही हे खरं. पण विसरा हे मला मान्य नाही. पॉलिब्युटिलीन नावाच्या प्लास्टिकचे पाइप अमेरिकेत १९७८ ते १९९५ या काळात लाखो घरांत घातले गेले, तेव्हा पण असंच सांगितलं होतं, आणि पाण्यातल्या क्लोरीनने पाइप आणि जोड आतून ठिसूळ होऊन घरं भिजली, मोठे खटले झाले. आजचे सीपीव्हीसी, पीपीआर हे प्लास्टिकचे पाइप चांगलेच आहेत, मी स्वतः वापरलेत, पण ते जोडणारा हात माणसाचाच असतो. जोड चिकटवायचं सोल्युशन कमी लागलं, पाइप पूर्ण आत गेला नाही, वाळायच्या आत पाणी सोडलं, आणि जोड भिंतीत. कधी बोलेल सांगता येत नाही. बाहेर असेल तर पहिल्याच थेंबाला कळतं, दुरुस्तीला करवत आणि एक जोड पुरतो. आत असेल तर भिंत भिजते, मग टाइल फुटतात, आणि त्या डिझाइनची टाइल आता कुठेच मिळत नाही हा तर ठरलेला शेवट. जुनी भिंत फोडण्याचा अजून एक धोका म्हणजे भिंतच जुनी असते, तिच्यात आडवी झिरी मारली की तेवढी ती कमजोर होते, हातोडा मारला की मागचा गिलावा पण खाली येतो, आणि शेजारी अजून चालू असलेल्या जुन्या लाइनीला हादरे बसतात ते वेगळेच.

बाहेरून घेण्याचे तोटे आहेत, लपवत नाही. प्लास्टिक उन्हात ठिसूळ होतं, म्हणून इमारतीच्या बाहेरच्या बाजूला असेल तर रंग किंवा आवरण पाहिजे, आणि जिथे पाणी गोठतं अशा थंडीत तर बाहेरच्या बाजूने न्यायचाच नाही, खोलीच्या आतून घ्यायचा. गरम पाण्याचा पाइप लांबतो, १० मीटरची सीपीव्हीसी लाइन ४० अंशांनी तापली तर साधारण अडीच सेंटीमीटर वाढते, म्हणून क्लॅम्प घट्ट आवळायचे नसतात, पाइप त्यात सरकायला हवा. हे न केल्याने वाकडेतिकडे झालेले पाइप बघून लोक म्हणतात की बाहेरचं काम घाणेरडं दिसतं. बाहेरचं काम घाणेरडं दिसत नाही, घाणेरडं केलेलं काम दिसतं! कोपऱ्यातून सरळ ओळंब्यात घेतलेला पाइप महिन्याभरात डोळ्याला दिसेनासा होतो. अगदीच नको असेल तर वरून स्क्रूने निघणारी पट्टी लावा, सिमेंटने बंद मात्र करू नका.

एक गोष्ट जी प्लंबर सांगत नाही कारण ते त्याचं काम नाही, आणि इलेक्ट्रिशियन सांगत नाही कारण त्याला कुणी विचारत नाही. बऱ्याच जुन्या घरांत विजेचं अर्थिंग पाण्याच्या लोखंडी पाइपालाच जोडलेलं असतं. मधला एक तुकडा प्लास्टिकचा झाला की अर्थिंग तिथेच तुटतं, दिवे पंखे नेहमीसारखे चालू राहतात, कुणाला काही कळत नाही, आणि गीझरमध्ये बिघाड होईल त्या दिवशी पाइपाला किंवा नळाला करंट येतो. लोखंडी पाइप कापायच्या आधी अर्थिंग तपासून घ्या, नसेल तर स्वतंत्र करून घ्या. हे मी ठळक अक्षरात लिहायला पाहिजे खरं तर.

आणि जुनी लाइन सोडून देताना तिचं तोंड टोकाला डमी लावून बंद करू नका, जिथून ती फुटते त्या टी-जोडापाशीच कापा. टोकाला बंद केली तर मधल्या तुकड्यात पाणी कुजत पडतं, आणि कोमट साचलेल्या पाण्यात, २० ते ४५ अंशांच्या मधे, लीजिओनेला नावाचा जंतू आरामात वाढतो, तोच ज्याचं नाव १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या साथीनंतर पडलं.

सांडपाण्याचं थोडक्यात सांगते, कारण ते अख्ख्या वेगळ्या पोस्टचं प्रकरण आहे. बिडाचे उभे पाइप दणकट, पण त्यांना लांबीच्या दिशेने केसासारखी चीर जाते आणि ती नेमकी भिंतीकडच्या बाजूला असते म्हणून समोरून दिसत नाही, आरसा आणि टॉर्च घेऊन मागून बघा. जमिनीखाली मातीचे पाइप असतील तर सांध्यांतून झाडाची मुळं आत शिरतात, दरवेळी ठराविक काळाने तुंबत असेल तर बहुधा तेच. वास येत असेल तर आधी न वापरल्या जाणाऱ्या बाथरूमच्या ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता. वाकड्या पाइपात पाणी अडवून वास थांबवायची ही युक्ती अलेक्झांडर कमिंगने १७७५ मध्ये पेटंट केली आणि आजही तीच चालते, फक्त पाणी सुकलं की युक्ती संपते. फ्लश केल्यावर शेजारच्या जाळीतून गुडगुड आवाज आला तर हवेचा पाइप बंद झालाय, पक्ष्याने घरटं केलेलं पण असू शकतं. आणि तुंबलं की ॲसिड ओतायची सवय असेल तर ती सोडा, जुन्या बिडाला आणि फरशीच्या सांध्यांना ते खातं, आणि त्याच्या मागोमाग ब्लीच ओतलंत तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये.

आमच्या स्वयंपाकघराखालची लाइन अजून बाकी आहे. कॅमेरा घालून बघितलं, एके ठिकाणी पाइप खचलाय आणि तिथे पाणी उभं राहतं. न खणता आतून रेझिनचं अस्तर घालायची पद्धत आहे, एरिक वूड नावाच्या इंजिनियरने १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्यांदा केली, आणि तडे, सांधे, मुळं यांना ती उत्तम. पण अस्तर जुन्या पाइपाचाच आकार घेतं, खचलेलं खचलेलंच राहतं, पाणी तिथे उभंच राहणार. काका म्हणतात तेवढाच भाग खणू आणि बाकीच्याला अस्तर घालू, मला वाटतं एवढं खणणारच आहोत तर पूर्ण नवीन का नको, आणि या बाबतीत मात्र बाहेरून घ्यायची सोय नाही. अजून ठरलेलं नाही, कुणी असं अर्धं-अर्धं केलं असेल तर खाली लिहा.